मांडीचा सोफा

श्रीरामपूरला बातमीदार म्हणून काम करत असताना मी फर्निचर गल्लीच्या तोंडाशी, फोमच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. खालचं दुकान चाचांचं. चाचा सोफ्यांसाठी आणि गाद्यांसाठी फोम कापून देत. वय साठीच्या पुढे, दाढी पांढरी आणि दिवसभर त्या दाढीत फोमचे पिवळे कण. संध्याकाळी घरी जाण्याआधी ते दाराबाहेर उभे राहून दाढी झटकत आणि म्हणत, "चला, आजचा स्टॉक क्लिअर."

गल्लीला नगरपालिकेने दिलेलं नाव वेगळं आहे. ते पाटीवर आहे, पण पाटीसमोर कायम कोणाचा तरी सोफा उभा करून ठेवलेला असल्यामुळे ते वाचता येत नाही.

या गल्लीतून वर्षभर सोफे बाहेर पडतात, पण पूर्ण सोफा बनवणारा माणूस गल्लीत एकही नाही. लाकडाचा सांगाडा मिस्त्री करतात. त्यावर पट्ट्या ताणून बसवणारा वेगळा. फोम चाचांकडे. कव्हरं बायका आपापल्या घरी शिवतात. कापड ताणून स्टेपलरने ठोकणारा पुन्हा वेगळा, आणि पॉलिशवाला तर गल्लीचाही नाही, तो शेजारच्या बेलापूरहून सायकलवर येतो. एवढ्या हातांतून गेल्यावर सोफा टेम्पोत चढतो आणि मेन रोडवरच्या शोरूममध्ये उतरतो. तिथे काचेमागे त्याला शोरूमच्या नावाचं लेबल लागतं.

काम कधी वाढणार हे गल्लीला कॅलेंडर न बघता कळतं. साखर कारखान्यांनी उसाचं पेमेंट सोडलं की ठोकाठोक सुरू होते. लग्नाच्या तिथी दाट असल्या की ती पहाटेपासून ऐकू येते. पितृपक्षात गल्ली कॅरम खेळते.

एकदा नगरच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे आणि आम्ही छापतोही तेच, पण फोनवर अजून 'नगरहून बोलतोय' असंच म्हटलं जातं. देशाच्या फर्निचर उद्योगावर पुरवणी निघणार होती. जिल्ह्याचा मजकूर माझ्याकडून हवा होता. सोबत नमुन्यासाठी काही परिच्छेद पाठवले होते. देशातलं बरंचसं फर्निचर छोट्या कार्यशाळांत तयार होतं, हे क्षेत्र असंघटित आहे आणि म्हणून त्याची नीट मोजदाद होत नाही, असा त्यांचा गाभा.

तो भाग मी चाचांना वाचून दाखवला.

"असंघटित म्हणजे?" चाचांनी विचारलं.

"म्हणजे विखुरलेलं. एकत्र नसलेलं."

चाचांनी फोम कापायची लांब सुरी बाजूला ठेवली. "विखुरलेलं? अरे भाई, आम्ही सगळे एकाच टपरीवर चहा पितो. सकाळी मिस्त्रीला सर्दी झाली, तर संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली शिंकते. याच्यापेक्षा संघटित काय असतं?"

ते छापता आलं नाही. छापलं ते असं: सांगाड्याचं लाकूड निलगिरीचं किंवा आंब्याचं, जवळच्या वखारीतून येतं, प्लायवूड उत्तरेकडून, कापड सुरतेहून, प्लास्टिकचे पाय राजकोटहून आणि फोम पुण्याच्या बाजूने. म्हणजे श्रीरामपूरच्या सोफ्यात निम्म्या देशाचा माल असतो. श्रीरामपूरची असते ती मजुरी. पुरवणी निघाली तेव्हा हा मजकूर एका पानभर जाहिरातीच्या कडेला अंग चोरून बसला होता. जाहिरात मेन रोडवरच्या शोरूमची होती.

गल्लीत तो मजकूर मन लावून वाचला तो ताईंनी. ताई कव्हरं शिवत. त्यांचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, शिलाई मशीन खिडकीशी, आणि खिडकीतून दिसेल त्या प्रत्येकाशी बोलायची सवय. यजमान एसटीत कंडक्टर. रविवारी सकाळी चर्चमधून आल्यावर त्या मशीनला हात लावत नसत. बाकी सगळे दिवस मशीन चालू असे आणि तोंडही. पेपर हातात घेऊन त्या चाचांच्या दुकानात आल्या.

"भाऊ, तुम्ही लिहिलंय, श्रीरामपूरची फक्त मजुरी. खरं आहे ते. पण वाचायला बरं नाही वाटलं."

"बदलायचं का?"

"तुम्ही नका बदलू. मी बदलते."

तेव्हा ते बोलणं हसण्यावारी गेलं. पण ताईंच्या मनात काय चाललं होतं, ते दिवाळीनंतर कळलं. त्या वर्षी शोरूममध्ये खोके यायला लागले होते. खोक्यात सोफ्याचे सुटे भाग, एक वाकडा पाना आणि एक कागद. कागदावर अक्षर एकही नाही, नुसती चित्रं. शोरूमच्या शेठने पहिल्यांदा मिस्त्रींनाच जोडणीला बोलावलं. मिस्त्री परत आले ते पाना बोटावर फिरवत.

"बघा ताई. एवढ्या पान्यावर आख्खा सोफा. करवत न्हाई, रंधा न्हाई. चित्रातला मानूस हसतोय निस्ता, त्याच्यासारखं हसायचं आन् पिळायचं."

"टिकेल का?"

"टिकल की न टिकल, शेठला गल्ली लागनार न्हाई आता. सुप्याला कंपनीत मानसं घेत्यात म्हनं. आमचा साडू हाय तिथं. बघतो."

मिस्त्री गेले तर सांगाडा कोण करणार, हा प्रश्न गल्लीत सगळ्यांना एकदम पडला. सांगाडा नाही तर फोम नाही, फोम नाही तर कव्हर नाही. ताईंनी विचारलं, शेठ आपलाच सोफा विकतो, तर आपण का विकू नये? चाचा म्हणाले, गिऱ्हाइकासमोर कोण बसणार? ताई म्हणाल्या, "मी."

त्यांच्या बचत गटाला नगरच्या जिल्हा प्रदर्शनात एक स्टॉल मिळणार होता. गटातल्या बाकीच्या बायका दरवर्षी कुरडया आणि शेवया नेत. या वेळी ताईंनी स्टॉल स्वतःकडे मागून घेतला. सोफा न्यायचा, आपला म्हणून न्यायचा आणि तिथे ऑर्डरी घ्यायच्या. ऑर्डरी आल्या तर काम त्यांच्याकडून गल्लीत वाटलं जाणार होतं. नाही आल्या तर मिस्त्री सुप्याला आणि ताई पुन्हा दुसऱ्याच्या मापाची कव्हरं शिवायला. "एक सोफा माझा म्हणून विकला गेला पाहिजे," त्या म्हणाल्या. "मग पुढचं मी बघते."

सोफा कसा असावा हेही त्यांनी ठरवलं होतं. नव्या घरांच्या बाहेरच्या खोल्या लहान असतात. शोरूमचा सोफा आत गेला की माणसाला कडेकडेने जावं लागतं. म्हणून सडपातळ सोफा करायचा. लांबी नेहमीची, खोली कमी. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत तीस इंच, बास.

इथे या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगाडा करणारा माणूस सोफा बाहेरून मोजतो: पुढच्या लाकडापासून पाठीमागच्या लाकडापर्यंत. कव्हर शिवणारी बाई आतून मोजते: बसायची जागा किती, पाठ टेकते तिथपर्यंत. दोन्ही मापांत वीतभर फरक असतो. इतकी वर्षं दोघं आपापल्या पद्धतीने मोजत आले होते आणि कधी अडलं नव्हतं, कारण मधे शोरूमचा माणूस असे आणि माप तो देई.

या वेळी मधे कोणी नव्हतं. ताईंनी मनात म्हटलं, मिस्त्री बाहेरून मोजतात, त्यांना त्यांच्या भाषेत सांगावं. त्यांनी सांगितलं, तीस. मिस्त्रींनी मनात म्हटलं, ताई नेहमी आतलं माप सांगतात, त्यांच्या हिशेबाने धरावं. त्यांनी आतून तीस धरलं. विचारलं कोणीच नाही. ताईंना वाटलं, एवढ्या मोठ्या कारागिराला काय विचारायचं? मिस्त्रींना वाटलं, ताई हुशार आहेत, त्यांच्या डोक्यात काहीतरी असेल.

प्रदर्शन तोंडावर आलेलं, म्हणून ताईंनी कव्हर आधीच शिवून ठेवलं, राखाडी रंगाचं, सडपातळ सोफ्याच्या मापाचं. चाचांनी फोम कापला तो मिस्त्रींच्या सांगण्यावरून. सगळं एकत्र आलं ते चाचांच्या दुकानासमोर, सकाळच्या उन्हात. पट्ट्या ताणलेल्या, फोम बसवलेला, आणि ताई कव्हर घेऊन आल्या.

कव्हर निम्म्यातच संपलं. मोठ्या भावाला धाकट्याचा सदरा घालावा तसं ते पुढून आखूड पडलं. ताईंनी ते ओढून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग गळ्यातली टेप काढून सोफ्याला लावली.

"मिस्त्री, हे काय केलंत?"

"काय केलं? तुमी तीस म्हनलात, म्या तीस केलं."

"आतून?"

"मंग? तुमी कायम आतूनच सांगता की."

"अहो, कपड्याचं आतून सांगते! लाकडाचं सांगताना तुमच्या पद्धतीनं नको का सांगायला?"

"आन् म्या तुमच्या पद्धतीनं ऐकलं."

चाचा खुर्चीतून म्हणाले, "म्हणजे दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि सोफा फुगला."

मिस्त्री सोफ्यावर बसले. पाय खाली सोडले तर पाठ टेकेना. पाठ टेकवली तर पाय हवेत. तसे ते क्षणभर राहिले, उंच पलंगावर बसवलेल्या लहान पोरासारखे, आणि गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबून हसला.

"हसू नका," ताई म्हणाल्या. "परवा टेम्पो ठरलाय."

"कापून ल्हान करतो," मिस्त्री उठत म्हणाले. "हात सोडवायचे, बूड सोडवायचं, पुन्यांदा जोडायचं. आज लागलो तर उद्या संध्याकाळी व्हईल. फोम चाचा कापतीलच."

ते करवत आणायला वळले. तेवढ्यात चाचांनी चपला काढल्या, सोफ्यावर चढले आणि मांडी घातली. पाठ मागे टेकली. दोन्ही गुडघे गादीवर पूर्ण मावले, पुढे थोडी जागाही उरली. चाचांनी एकदा इकडे हात पसरला, एकदा तिकडे. मग डोळे मिटले.

"चाचा, उठा. कापायचाय," मिस्त्री करवत घेऊन आले होते.

"मला कापा. सोफ्याला हात लावायचा नाही."

"चेष्टा नको, येळ न्हाई."

"मी चेष्टा करतोय? मिस्त्री, आयुष्यभर मी सोफ्याचा फोम कापला. सोफ्यावर जेवलो नाही, कारण मांडी मावत नाही. नमाजनंतर जरा बसावं म्हटलं तर खाली बसतो. हा पहिला सोफा आहे, ज्याच्यावर मी बसलोय असं मला वाटतंय. चहा सांगा कोणीतरी."

चहा आला. पट्टीवाला बघायला आला आणि चाचांशेजारी मांडी घालून बसला. पॉलिशवाल्याने सायकल भिंतीला लावली आणि तिसरी जागा घेतली. कोणालाच उठायची इच्छा दिसेना. मिस्त्री करवत घेऊन उभे होते. मग त्यांनी ती सोफ्याखाली सरकवली आणि सोफ्याच्या हातावर टेकून चहा घेतला.

ताईंना ते पटलं नव्हतं. "गिऱ्हाइक काय म्हणेल? माणसं सोफ्यावर पाय सोडून बसतात."

"कोनाच्या घरी?" मिस्त्रींनी विचारलं.

ताईंना विचार करायला वेळही नव्हता. त्यांनी कव्हर उचललं, घरी जाऊन शिलकीतलं लाल कापड काढलं आणि राखाडी कव्हराला पुढून रुंद लाल पट्टी जोडली. राखाडी कापड आणखी मिळण्यासारखं नव्हतं, एवढंच त्यामागचं कारण.

टेम्पो निघाला तेव्हा ताई आणि मी ड्रायव्हरशेजारी होतो. प्रदर्शनाची बातमी मला द्यायचीच होती. मागे हौद्यात सोफा, आणि सोफा हलू नये म्हणून त्यावर मिस्त्री आणि चाचा, दोघेही मांडी घालून. राहुरी कारखान्यापाशी उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. ट्रॉलीवरच्या माणसांनी ओरडून विचारलं, "नवरदेव कोन तुमच्यातला?" चाचांनी मिस्त्रींकडे बोट दाखवलं आणि मिस्त्रींनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. विळद घाट चढेपर्यंत ते दोघं हात हलवत होते.

मैदानावर नोंदणीच्या टेबलाशी अडलं. टेबलावरच्या तरुणीने विचारलं, "ताई, खाद्यपदार्थ की हस्तकला?"

"सोफा."

"सोफा खाद्यपदार्थात बसत नाही."

"त्याच्यावर बसून खाता येतं," ताई म्हणाल्या.

हस्तकलेच्या रांगेत एवढी जागाच नव्हती. शेवटी स्टॉल मिळाला तो कुरडया-पापड आणि लोणची-मसाले यांच्या मधे. डावीकडून मिरचीचा खाट, उजवीकडून तळणीचा वास, आणि मधोमध लाल पट्टीचा राखाडी सोफा.

पहिल्या दिवशी सोफा विकला गेला नाही, कारण तो कोणाला दिसलाच नाही. पापडवाल्या बाई उभ्या राहून थकल्या की त्यावर येऊन मांडी घालून बसत. लोणच्याच्या स्टॉलवरच्या दोघी आळीपाळीने येत. त्यांना बघून पलीकडच्या गोधडीवाल्या आल्या. दुपारी तर तिथे चौघी बसून डबे खात होत्या आणि एकीचं लेकरू कडेला झोपलं होतं.

"अहो बायांनो, उठा की," ताई म्हणाल्या. "माल दिसत नाही माझा."

"आमीच तुमची जाहिरात, ताई," पापडवाल्या बाई म्हणाल्या. "घ्या, कुरडई खा."

"जाहिरात कशी? येणाऱ्याला वाटतं ही बसायची सोय आहे. मघाशी एकानं मला विचारलं, पाणी कुठंय."

"मंग सांगितलं का?"

"सांगितलं. काय करणार?"

प्रदर्शनाचे एक अधिकारीही चक्कर मारताना आले, बूट काढले, बसले आणि फोनवरचं एक लांबलेलं बोलणं तिथेच पूर्ण केलं. जाताना म्हणाले, "छान सोय केली आहे." त्या संध्याकाळी मिस्त्रींनी सुप्याच्या साडूला फोन लावला. ताईंनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवगावकडचं एक जोडपं आलं. जमिनीच्या दाव्याची तारीख होती, कोर्टात गेले, पुढची तारीख मिळाली, आणि परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून प्रदर्शनात शिरले. बाई उंच, आवाज खणखणीत. यजमान त्यांच्यामागे पिशव्या घेऊन. बाईंनी आधी लोणचं चाखलं, मग वळून सोफ्याकडे पाहिलं. त्या वेळी त्यावर दोघीच होत्या.

"हे काय हाय? पलंग का सोफा?"

"सोफा," ताई म्हणाल्या. "विकायचा आहे." हे दुसरं वाक्य त्या आता प्रत्येकाला लगेच सांगत.

"सरका गं," बाई त्या दोघींना म्हणाल्या. चपला काढल्या, चढल्या, मांडी घातली, पाठ टेकली. मग यजमानांकडे बघून म्हणाल्या, "अवो, या की. बसा."

"बरा हाय मी."

"बसा म्हनते ना."

यजमानांनी पिशव्या ठेवल्या आणि बसले. पाय आपोआप वर आले. त्यांनी एकदा मागे टेकून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाई ताईंना म्हणाल्या, "आमच्या घरी सोफा हाय बरं का. लई भारी. पर हे मानूस त्याच्यावर कधी बसत न्हाई. खाली सतरंजी टाकतं आन् सोफ्याला पाठ टेकून बसतं. पावनं आलं तरी तसंच. घरात सोफा हाय तो पाठ टेकायला."

"पाय लोंबकळत्यात त्याच्यावर," यजमान म्हणाले. तिथे आल्यापासून त्यांचं हे दुसरंच वाक्य होतं.

पापडवाल्या बाई हसल्या. "आमच्याकडं बी तसंच हाय की! सासरे खाली, सोफा वर मोकळा."

"आमच्यात तर कपडे वाळत घालत्यात सोफ्यावर," गोधडीवाली म्हणाली.

ताई ऐकत होत्या. मिस्त्रींनी गल्लीत विचारलेला 'कोनाच्या घरी?' हा प्रश्न त्यांना तेव्हा नको होता. आता त्याचं उत्तर चारी बाजूंनी येत होतं.

"ह्योच पायजे मला," शेवगावच्या बाई म्हणाल्या. "आत्ता."

"आत्ता?"

"उद्या पोरीला बघायला पावनं येत्यात. मागच्या टायमाला आले ते सोफ्याच्या कडंवर बसले, कपबशी गुडघ्यावर धरली, च्या पिले न् गेले. बोलनंच न्हाई झालं. मानूस पाय वर घिऊन बसला म्हंजे गप्पा निघत्यात. काय खरं हाय, काय खोटं हाय, समदं कळतं."

ताईंनी घासाघीस मनापासून केली, बाईंनीही. मग मिस्त्री ताईंना बाजूला घेऊन गेले. "ताई, द्यायचा न्हाई. ऑर्डर घ्या, करून देऊ. परदर्शन निम्मं बी झालं न्हाई. ह्यो दिला तर उरलेलं दिवस काय दाखवनार? मोकळी जमीन?"

"द्या, द्या," चाचा मागून म्हणाले. "मुलीचं लग्न जमतंय."

"चाचा, तुमचं काय जातंय?"

"माझं तर सगळ्यात जास्त जातंय. मी रात्री त्याच्यावरच झोपतो."

आदल्या दिवसभर ज्या सोफ्यावर सगळ्या प्रदर्शनाने विसावा घेतला होता आणि ज्याला कोणी विकत घ्यायची वस्तू समजलं नव्हतं, त्याला आता गिऱ्हाइक होतं. ते गेलं तर दुसरं येईल याची खात्री कोणी देत नव्हतं. सोफा गेला तर दाखवायला काही नाही, आणि करायला मिस्त्री राहतील की नाही हेही नक्की नव्हतं.

"मी दाखवायला नाही आणला, मिस्त्री," ताई म्हणाल्या. "विकायला आणलाय. चढवा."

बाजार समितीकडे गेलेला एक ओळखीचा टेम्पो यजमानांनी फोन करून बोलावला. सोफा चढला. यजमान हौद्यात सोफ्यावर मांडी घालून बसले, बाई पुढे. जाताना बाईंनी ताईंना विचारलं, "ही लाल पट्टी लई झ्याक दिसती. कुठली डिझाईन?"

"श्रीरामपूरची," ताई म्हणाल्या.

टेम्पो गेला आणि स्टॉल मोकळा झाला. खाली ताडपत्री, मागे पांढरा कापडी पडदा, बाकी काही नाही. पहिली तक्रार पापडवाल्या बाईंची. "ताई, आता आमी बसायचं कुठं?" मग लोणच्याच्या दोघी आल्या. मग काल फोनवर बोललेले अधिकारी आले, बूट काढायला वाकले आणि तसेच थांबले. "सोफा कुठे गेला?"

"विकला," ताई म्हणाल्या.

"विकायचा होता?" ते गंभीर झाले. "मग मला एक हवा होता. वडिलांसाठी. ते खुर्चीवरसुद्धा मांडीच घालून बसतात, आम्हाला सारखी भीती वाटते."

"करून देते की. वडील केवढे आहेत?"

"म्हणजे?"

"अंगानं. मांडी केवढी होते त्यांची?"

अधिकाऱ्यांनी हात पसरून दाखवायचा प्रयत्न केला. ताईंनी मान हलवली. शेजारच्या स्टॉलवरून एक सतरंजी मागून घेतली, ताडपत्रीवर अंथरली आणि गळ्यातली टेप काढली. "तुम्ही वडिलांएवढेच का?"

"थोडा बारीक."

"मग बसा. घाला मांडी. दोन बोटं वाढवून धरते."

अधिकारी बसले. ताईंनी त्यांच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत टेप लावली, मग पाठीपासून नडगीपर्यंत, जसं पोलक्याचं माप घ्यावं तसं. जिल्ह्यात सोफ्याचं माप लाकडावरून घेतात, कापडावरून घेतात, खोलीवरून घेतात. माणसावरून घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पडद्यासमोर, सतरंजीवर, कचेरीतला माणूस मांडी घालून बसलाय आणि एक बाई त्याचे गुडघे मोजते आहे, एवढं दृश्य गर्दी जमायला पुरेसं होतं.

काल सोफ्यावर बसून गेलेली माणसं परत येऊ लागली. आता ती विचारत होती. पारनेरकडच्या एका दूध डेअरीच्या चेअरमनला डेअरीच्या ऑफिससाठी लांबलचक हवा होता. "सगळी संचालक मंडळी मावली पायजेत," तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "सगळ्यांना आणा, मोजते." एक किडकिडीत बाई आणि तिचा धिप्पाड नवरा आले. नवऱ्याने म्हटलं, आधी हिचं घ्या. बाई म्हणाली, "नको नको, माप ह्यांचंच घ्या. मी उरलेल्या जागेत बसते, रोजच्यासारखी." हशा कापडी पडद्यामागच्या स्टॉलपर्यंत गेला आणि तिकडची माणसंही इकडे आली.

मिस्त्री कानामागची पेन्सिल काढून ताईंच्या शेजारी उकिडवे बसले होते. ताई माप सांगत, ते पुठ्ठ्याच्या खोक्यावर लिहून घेत. प्रत्येक आकड्यानंतर ते मोठ्याने विचारत, "आतून ना?" आणि ताई मोठ्याने सांगत, "आतून!" चाचा रांग लावत होते आणि रांगेतल्या प्रत्येकाला फोमचं दाबून बघायचं ज्ञान फुकट देत होते.

मधेच मिस्त्रींचा फोन वाजला. शोरूममधून शेठ होते. आवाज मोठा असल्यामुळे आम्हालाही ऐकू आला. खोक्यांचा नवा लॉट उतरला होता, उद्या सकाळी जोडणीला या.

"न्हाई जमायचं शेठ," मिस्त्री म्हणाले. "ताईंचं काम हाय."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"किती दिस ते ताईंना इचारावं लागंल." त्यांनी फोनवर हात ठेवला. "ताई, शेठ इचारत्यात, कधी मोकळा व्हनार म्हनून. आन् साडूला काय सांगू?"

ताईंच्या तोंडात टेपचं टोक होतं आणि समोर एका पैलवानाची मांडी. त्यांनी ते टोक काढलं.

"साडूला नाही म्हणून सांगा, त्याचंही माप घेऊन ठेवा. आणि तुम्ही लिहा, पस्तीस. आतून." मग रांगेकडे वळून म्हणाल्या, "चला, पुढचं कोण? चपला तिकडं काढा."